गिऱ्हाईकाला काउंटरच्या आत घेणारा माणूस

सप्टेंबर २०२५ मध्ये आई आमच्याकडे लाँग बीचला आली. जेट लॅग उतरल्यावर तिने पहिली मागणी केली ती समुद्र बघायची नाही, दुकानात जायची. मुलगा काय खातो, कुठून आणतो, कितीला आणतो, हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मागच्या खेपेला, २०१९ मध्ये, ती अशीच माझ्याबरोबर एका मोठ्या दुकानात आली होती आणि सेल्फ-चेकआउटच्या यंत्रापुढे तिची फजिती झाली होती. तिने सवयीने आपली कापडी पिशवी यंत्राच्या वजनपट्टीवर ठेवली. यंत्राला ते वजन ओळखीचं वाटलं नाही. वर लाल दिवा लागला आणि एक मुलगी धावत आली. मुलगी बिचारी हसतमुख होती, तिने दोन बटणं दाबली आणि ती गेली. पण आईला वाटलं की आपल्यावर चोरीचा संशय घेतला. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. बाबांच्या बरोबरीने तीस-पस्तीस वर्षं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली बाई ती. तिला ते लागलं.

मी तिला तेव्हा सांगितलं नाही, पण नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत असल्याच यंत्रांच्या सॉफ्टवेअरवर मी काम केलं आहे. पिशवीचं वजन किती ग्रॅमने चुकलं की दिवा लावायचा, हा आकडा ठरवणाऱ्या टीममध्ये मी होतो.

या वेळी गेलो तर दुकानातल्या यंत्रांच्या भागाला दोरी बांधलेली. सगळी गर्दी माणूस असलेल्या दोन काउंटरवर. माझ्यासारखे चार वस्तूवाले वैतागले होते, आई मात्र खुशीत. आमचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या बाईंना जुडी कोथिंबिरीची की पार्सलीची ते चटकन कळेना. आईने ती उचलली, वास घेतला आणि मान हलवून सांगितलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण व्यवहार झाला.

दोरी का बांधली होती ते थोडक्यात सांगतो. लाँग बीचच्या नगर परिषदेने एक नियम केला आणि तो २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. मोठ्या किराणा दुकानांत आणि औषधांच्या दुकानांत सेल्फ-चेकआउट ठेवायचं असेल तर दर तीन यंत्रांमागे निदान एक कर्मचारी हवा. तो कर्मचारी तेवढंच बघणार, त्याच्यामागे दुसरं काम लावायचं नाही. यंत्रावर एका वेळी १५ वस्तूंपेक्षा जास्त न्यायच्या नाहीत. आणि माणूस असलेला निदान एक काउंटर उघडा हवाच. कामगार संघटनेचं म्हणणं असं की एकटा माणूस सहा-आठ यंत्रं सांभाळतो, चोऱ्या होतात, कुणी अंगावर येतं, आणि त्यात मरतो तो कर्मचारी. दुकानदारांचं म्हणणं असं की एवढी माणसं परवडत नाहीत, भाव वाढतील. मग काही दुकानांनी यंत्रंच बंद करून टाकली. कॅलिफोर्नियात याआधीही एक नियम होताच. २०११ साली केलेल्या कायद्यामुळे इथे सेल्फ-चेकआउटवर दारू घेता येत नाही. बिअर घ्यायची तर माणसासमोर उभं राहावं लागतं.

आईला हे समजावून सांगितलं तर तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. तिच्या मते हे म्हणजे इथलं गुमास्ता लायसन. आमच्या दुकानात काचेच्या चौकटीत, गणपतीच्या फोटोशेजारी ते लायसन लावलेलं असे. १९४८च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याखालची ती नोंदणी, पण तिला सगळा गाव गुमास्ताच म्हणे. दुकान किती वाजता उघडायचं, किती वाजता बंद करायचं, आठवड्याची सुट्टी कधी, नोकराकडून किती तास काम घ्यायचं, सगळं त्यात. दुकानात सरकारने डोकावायचं की नाही हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नव्हता. सरकार गणपतीशेजारी टांगलेलं होतं.

पण गिऱ्हाईकाने स्वतःच माल घ्यायचा, स्वतःच पिशवीत भरायचा, स्वतःच हिशेब करायचा, हा खेळ पहिल्यांदा सुरू कुणी केला? याचं उत्तर मला योगायोगाने ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात जॉन ब्रुक्सचं बिझनेस अ‍ॅडव्हेंचर्स वाचायची साथ आली होती. वॉरन बफेने ते पुस्तक बिल गेट्सला वाचायला दिलं होतं आणि गेट्सने त्याची एवढी तारीफ केली की आम्हा इंजिनिअर लोकांना ते न वाचून चालेना. त्यात एक प्रकरण आहे मेम्फिसच्या एका किराणावाल्यावर. क्लॅरेन्स साँडर्स. अमेरिकेत जुन्या लोकांना हे नाव माहीत असतं, आपल्याकडे फारसं नाही. पुढे कामानिमित्त मेम्फिसला जाणं झालं तेव्हा मी त्याचा वाडासुद्धा बघून आलो. मग रात्री जेवणानंतर आईला त्याची सगळी गोष्ट सांगितली, तीच इथे लिहितो आहे.

साँडर्सचा जन्म ऑगस्ट १८८१चा, व्हर्जिनिया राज्यातल्या अ‍ॅमहर्स्ट काउंटीमधला. घरची गरिबी, आई लहानपणीच गेली. कुटुंब टेनेसीत कंबरलँड नदीकाठच्या पामायरा नावाच्या खेड्यात येऊन राहिलं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा गावातल्या दुकानात कामाला लागला. मध्ये काही काळ अलाबामात कोळशाच्या भट्टीवर रात्रीचा पहारेकरी, मग टेनेसीत लाकडाच्या वखारीत. एकोणिसाव्या वर्षी क्लार्क्सव्हिलला एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे फिरता विक्रेता म्हणून लागला. १९०४ साली मेम्फिसला आला. तोवर लग्न झालं होतं.

फिरत्या विक्रेत्याला एक फायदा असतो. तो एका दुकानात नाही, शंभर दुकानांत बसतो. कुणाची मांडणी कशी, कुणाची उधारी किती, कुणाचं दिवाळं कधी निघणार, हे त्याला मालकाच्या आधी कळतं. साँडर्सने बघितलं की छोटे किराणावाले बुडतात ते दोन गोष्टींनी, उधारीने आणि पगारांनी. तो गावोगावच्या दुकानदारांच्या मागे लागायचा की उधार देऊ नका, रोखीने विका. आज रोख उद्या उधार ही पाटी आपल्या प्रत्येक दुकानात असते आणि तिच्याखाली बसूनच मालक उधारीच्या वहीत नाव लिहीत असतो. मेम्फिसमध्येही फार वेगळं नसावं.

तेव्हाचं अमेरिकन किराणा दुकान कसं होतं हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ते आपलंच दुकान. मध्ये काउंटर, काउंटरच्या मागे फडताळं, पोती, डबे, बरण्या. गिऱ्हाईक यादी घेऊन बाहेर उभं. आतला पोऱ्या यादी बघून एकेक वस्तू काढणार, वजन करणार, कागदात बांधणार. शेंगदाणे, मग गूळ, मग परत मागे जाऊन हिंगाची डबी. गर्दी झाली की बाकीचे उभे. आणि गर्दी नसली की पोरं बसून. साँडर्सला हे दोन्ही सलत होतं, गिऱ्हाईकाचं उभं राहणं आणि पोरांचं बसणं.

सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने मेम्फिसच्या जेफर्सन अ‍ॅव्हेन्यूवर ७९ नंबरच्या जागेत दुकान उघडलं आणि नाव ठेवलं पिगली विगली. हे नाव का, याचा खुलासा त्याने कधी सरळ केला नाही. आगगाडीतून जाताना डुकराची पिल्लं कुंपणाखालून अंग चोरून निघताना दिसली म्हणून, अशी एक कथा सांगतात. लोकांनी नावाबद्दल विचारत राहावं म्हणूनच ते ठेवलं, ही दुसरी. मला दुसरी जास्त पटते.

दुकानात शिरताना एक फिरतं दार, आपल्या मेट्रो स्टेशनवर असतं तसलं. आत आलात की हातात टोपली. मग एकच रस्ता, नागमोडी, दोन्ही बाजूंना उघडी फडताळं आणि प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी. मागे फिरायची सोय नाही. सगळा माल डोळ्यांखालून गेल्याशिवाय बाहेरच्या दारापर्यंत पोचताच येत नाही, आणि त्या दारात एक कॅशियर. तो आकडेमोडीच्या यंत्रावर बेरीज करणार, रोख पैसे घेणार, की सुटलात. उधार नाही, घरपोच नाही. साबण घ्यायला आलेली बाई लोणच्याच्या बरण्यांवरून गेली की ती बरणीही टोपलीत पडते, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याने या मांडणीचं पेटंट मागितलं आणि ९ ऑक्टोबर १९१७ला ते मिळालं, नंबर १२,४२,८७२. मी त्याचे नकाशे ऑनलाइन बघितले. कुठलाही वेब डिझायनर ओळखेल. गिऱ्हाईकाला आत घ्यायचं, एका वाटेने न्यायचं आणि पैसे देण्याच्या पानावर आणून सोडायचं.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कायद्यानेच पाळला जात होता. काउंटरवर आधी आलेल्या काळ्या गिऱ्हाईकाला थांबवून मागून आलेल्या गोऱ्याला माल देणं ही रोजची रीत होती. साँडर्स काही समाजसुधारक नव्हता. पण छापील किंमत आणि एकामागे एक अशी रांग आली की काउंटरमागच्या माणसाच्या हातातली ती सत्ता थोडी तरी कमी होते. आमच्या गावातही कुठल्या आळीच्या गिऱ्हाईकाला पुडी हातात द्यायची आणि कुणाला वरून टाकायची, हे जुन्या दुकानदारांना ठाऊक होतं. आजोबांच्या वेळच्या या गोष्टी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. म्हणून काउंटर गेला याचं मला नुसतंच वाईट वाटत नाही.

धंदा तुफान चालला. साँडर्सने आपली पद्धत इतरांना फ्रँचायझी म्हणून द्यायला सुरुवात केली. १९२२ पर्यंत देशभर १,२०० च्या वर दुकानं झाली, त्यातली सुमारे ६५० कंपनीची स्वतःची. जून १९२२ मध्ये कंपनीचा शेअर न्यूयॉर्क शेअर बाजारात आला. मेम्फिसच्या वेशीवर साँडर्सने जॉर्जियाहून आणलेल्या गुलाबी संगमरवरी दगडाचा प्रचंड वाडा बांधायला काढला. गाव त्याला गुलाबी महाल म्हणू लागला. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, शाळा चौदाव्या वर्षी सुटलेली, आणि हे सगळं सहा वर्षांत.

मग वॉल स्ट्रीटशी गाठ पडली. १९२२ संपता संपता न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकटकडच्या काही फ्रँचायझी कंपन्या बुडाल्या. त्यांचा साँडर्सच्या कंपनीशी नाव आणि पद्धत यापलीकडे फारसा संबंध नव्हता, पण बाजारातल्या मंदीवाल्यांना तेवढं पुरे. मंदीवाला काय करतो, तर दुसऱ्याचा शेअर उसना घेऊन आज विकतो, भाव पडला की स्वस्तात विकत घेऊन परत करतो, मधला फरक खिशात. पिगली विगली बुडणार अशी कुजबुज सुरू झाली, शेअर ५० डॉलरच्या आसपास होता तो चाळिशीच्या खाली घसरला.

इथे शहाणा माणूस दुकान सांभाळत बसला असता. साँडर्सला ते अपमानाचं वाटलं. त्याने मेम्फिस, नॅशव्हिल, न्यू ऑर्लिन्स वगैरे दक्षिणेकडच्या बँकवाल्यांकडून १ कोटी डॉलर कर्ज काढलं आणि स्वतःच्याच कंपनीचे शेअर बाजारातून उचलायला लागला. सोबतीला घेतला जेसी लिव्हरमोर, त्या काळचा सगळ्यात नावाजलेला सट्टेबाज. बेत असा, की बाजारातले जवळजवळ सगळे शेअर आपल्या कब्जात घ्यायचे आणि मग मंदीवाल्यांना सांगायचं, आणा माझे उसने शेअर. आणायचे कुठून? साँडर्सकडूनच विकत घेऊन, तो म्हणेल त्या भावाला. याला बाजारात कॉर्नर म्हणतात. हा माणूस आयुष्यात कधी शेअर बाजारात उतरला नव्हता, आणि लिव्हरमोर तर शेवटच्या घटकेच्या आधीच बाजूला झाला.

२० मार्च १९२३ला साँडर्सने शेअर मागितले. ७५ च्या आसपास उघडलेला भाव बघता बघता १२४ डॉलर झाला. मंदीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्याच दिवशी शेअर बाजाराच्या व्यवस्थापनाने पिगली विगलीचे व्यवहार थांबवले आणि मंदीवाल्यांना शेअर आणून द्यायची मुदतही वाढवून दिली. त्या जादा वेळात दूरदूरच्या गावांतून, ज्यांना या भानगडीचा पत्ताही नव्हता अशा लोकांकडून, शेअर शोधून आणले गेले. साँडर्सच्या हातात २ लाखांपैकी १,९८,८७२ शेअर आले. म्हणजे जिंकला, पण ते विकत घेणारं कुणी उरलं नाही, आणि बँकांचं कर्ज डोक्यावर तसंच.

यात चूक कुणाची यावर ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आमचं भांडण झालं होतं. शेअर बाजाराने चालू खेळाचे नियम बदलले हे माझ्या मते उघड आहे. पण बाजार मोडला तर सगळेच बुडतात, म्हणून कुणीतरी शिट्टी वाजवायलाच हवी, असं माझी तमिळ सहकारी म्हणत होती. गंमत अशी, की आज लाँग बीचच्या नियमावर आम्ही दोघं नेमके उलट बाजूला आहोत.

मेम्फिसने मात्र आपल्या माणसाची बाजू घेतली. गावातल्या लोकांनी ५५ डॉलरच्या भावाने शेअर घेऊन त्याला वाचवायची मोहीम काढली. पहिल्या तीन दिवसांत वीस हजारांहून जास्त शेअर खपले. मग गावातले काही प्रतिष्ठित म्हणाले की लोकांचे पैसे गुंततात तर कंपनीचे हिशेब तपासू द्या. साँडर्सने नकार दिला आणि मोहीम जागच्या जागी थंडावली. आईने हे ऐकलं आणि ती म्हणाली की वही दाखवायला काय जात होतं. मलाही तेच वाटतं. ऑगस्ट १९२३ मध्ये कंपनी हातची गेली, आणि एक दिवसही न राहिलेला तो गुलाबी महालही. पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं. पिगली विगली मात्र त्याच्याशिवाय वाढत राहिली. १९३२ साली तिची २,६६० दुकानं होती.

यानंतरचं भराभर सांगतो. त्याने नवी दुकानं काढली. त्याचं नाव वापरण्यावरून जुन्या कंपनीने कोर्टात खेचलं, तेव्हा या पठ्ठ्याने दुकानाचं नावच ठेवलं, क्लॅरेन्स साँडर्स, माझ्या नावाचा एकमेव मालक. पाटीवर एवढं सगळं. परत पैसा आला, दुसरं लग्न झालं, दुसरी मोठी इस्टेट झाली, स्वतःचा फुटबॉल संघ झाला आणि त्या संघाने १९२९ मध्ये ग्रीन बे पॅकर्सला हरवलंसुद्धा. मग महामंदी आली आणि ही दुकानंही गेली.

आणि आता माझ्या कामाचा भाग. १९३७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याने मेम्फिसमध्ये कीडूझल नावाचं दुकान उघडलं. इंग्रजीतले की, डज आणि ऑल हे तीन शब्द घाईत म्हणा, कीडूझल होतं. चावीच सगळं करते. दुकानात प्रत्येक वस्तूचा एकच नमुना, काचेमागे. गिऱ्हाईकाच्या हातात एक चावी. हवी ती वस्तू दिसली की तिच्या शेजारच्या भोकात चावी घालायची, की कागदी पट्टीवर त्या वस्तूची नोंद होणार. फिरून झालं की पट्टी काउंटरवर द्यायची. ती यंत्रात घातली की विजेच्या जोरावर मागच्या गोदामातून एकेक वस्तू घसरत सरकत्या पट्ट्यावर येणार, बेरीज आपोआप होणार, आणि सामान भरून तुमच्या पुढ्यात. हे १९३७ मध्ये. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा हिशेब करणाऱ्या माणसाला वापरत.

घोडं पेंड खाल्लं ते गर्दीच्या वेळी. दहा जणांचा माल एकदम पट्ट्यावर आला की तुंबायचा. एकाचा साबण दुसऱ्याच्या खोक्यात. यंत्रं बंद पडायची, दुरुस्तीचा खर्च वाचलेल्या पगारापेक्षा जास्त. हे वाचताना मला हसू येत नाही. माझी अर्धी नोकरी असल्याच तक्रारी निस्तरण्यात गेली आहे. टेस्टिंगमध्ये एकेक गिऱ्हाईक सोडलं की सगळं चालतं, शनिवारची संध्याकाळ आली की कोसळतं. त्याने तीनदा प्रयत्न केला. मध्ये महायुद्ध आलं तेव्हा लाकडी खेळणी बनवून दिवस काढले, १९४८ मध्ये सुधारलेलं कीडूझल परत उघडलं आणि १९४९ मध्ये बंद केलं.

आमच्या दुकानाची गोष्ट मी आईला सांगायची गरज नव्हती, तीच बोलली. तालुक्याच्या गावात सुपरमार्केट आलं तेव्हा, २०११ साली, बाबांनीही काउंटर काढून टाकला. लोखंडी रॅक आणले, टोपल्या आणल्या, कर्ज काढून एसी बसवला. दुकानात बावीस वर्षं काम करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळा गाव मामा म्हणायचा. साडेतीनशे जिनसांपैकी कुठली कुठल्या फडताळात, कुणाच्या घरी कुठला तांदूळ लागतो, कुणाला पुडीत दोन वेलदोडे जास्त टाकायचे, सगळं त्यांच्या डोक्यात. रॅक आल्यावर त्यातलं काहीच लागेना. बाबांनी त्यांना काढलं नाही, दारापाशी स्टुलावर बसवलं. बाहेर जाणाऱ्याची पिशवी आणि बिल ताडून बघायचं काम. ज्यांना आयुष्यभर पुड्या बांधून दिल्या त्यांच्याच पिशव्या तपासायच्या. वर्षभर केलं त्यांनी, मग एक दिवस येईनासे झाले. बाबा दोनदा घरी जाऊन आले, ते आले नाहीत. बाबा गेले तेव्हा मात्र पहिल्यांदा तेच पोचले होते.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा. रॅकची कल्पना माझीच होती. बिलिंगचं सॉफ्टवेअरही मीच बसवून दिलं होतं.

साँडर्सकडे परत येतो. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तो तिसऱ्या कल्पनेवर काम करत होता, फूडइलेक्ट्रिक. १९१६ मध्ये त्याने माल काढून देणारी पोरं काढली होती, पण दारात कॅशियर ठेवला होता. कीडूझलमध्ये बेरीज यंत्राकडे गेली, तरी पट्टी घ्यायला एक माणूस लागत होता. फूडइलेक्ट्रिकमध्ये तोही नको होता. गिऱ्हाईकानेच माल गोळा करायचा, गिऱ्हाईकानेच बांधायचा आणि गिऱ्हाईकच स्वतःचा कॅशियर. १४ ऑक्टोबर १९५३ला तो मेम्फिसमध्ये वारला, बहात्तर वर्षांचा होऊन. ते दुकान उघडलंच नाही.

पुढचं काम इतरांनी केलं. जून १९७४ मध्ये ओहायोतल्या ट्रॉय गावात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा बारकोडवर विकलं गेलं, किंमत ६७ सेंट. १९८६ मध्ये अटलांटाजवळच्या एका क्रोगरमध्ये चेकरोबॉट नावाचं यंत्र लागलं, त्यावर गिऱ्हाईक स्वतः वस्तू स्कॅन करायचं. मग हळूहळू सगळीकडे. आणि आता लाँग बीच म्हणतंय की तीन यंत्रांमागे एक माणूस परत उभा करा. माझं मत विचाराल तर नियम ठीक आहे, तीनचा आकडा बरोबर की चार हवा होता हे अनुभवाने कळेल. पण त्या माणसाला दुसरं काम द्यायचं नाही हे कलम मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या यंत्राचा लाल दिवा लागला की धावत येणाऱ्या मुलीने आणखी काय काय सोडून यायचं असतं, याचा विचार आमच्या टीमच्या कुठल्याच मीटिंगमध्ये झाला नव्हता. आमच्याकडे फक्त दिवा किती सेकंदांत विझला त्याचा आकडा यायचा.

साँडर्सचा गुलाबी महाल १९३० पासून मेम्फिसचं म्युझियम आहे. आत त्याच्या पहिल्या दुकानाची हुबेहूब प्रतिकृती उभी केली आहे, फडताळं, डबे, फिरतं दार, सगळं. मी तिथे काढलेले फोटो आईला दाखवले. तिने एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघितला, डब्यांची मांडणी तिला आवडली, खालच्या फडताळात जड माल ठेवलाय हे तिने लगेच टिपलं. मग तिने विचारलं की माल काढून देणारी पोरं इथून गेली ती पुढे कुठे लागली. मला सांगता येईना. साँडर्सवर पुस्तकं आहेत, पेटंट आहे, महाल आहे. त्या पोरांबद्दल मी कुठे काही वाचलं नाही.

त्याच रात्री मी तिला वजनपट्टीच्या आकड्याबद्दलही सांगून टाकलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की कापडी पिशवीचं वजन आधी विचारायला हवं होतं, आणि उठून दूध विरजायला गेली.

थंडीत, ती परत जायच्या आधी, दुकानातली दोरी निघाली. चार यंत्रं सुरू झाली आणि त्यांच्याजवळ दोन माणसं उभी. आई तोवर एकटी दुकानात जायला शिकली होती. त्या दिवशी तिच्याकडे सहाच वस्तू होत्या आणि यंत्रं रिकामी होती, तरी ती कोथिंबीरवाल्या बाईंच्या रांगेत पंधरा मिनिटं उभी राहिली.